पाय दुखतात, म्हणजे कुठे

तुमच्या काकूला, म्हणजे माझ्या सुनेला, सातवा महिना होता आणि तिचे बी.एड.चे चार पाठ राहिले होते. पाठ म्हणजे शाळेतल्या खऱ्या वर्गासमोर उभं राहून शिकवायचं आणि मागच्या बाकावर परीक्षक. ते झाले नाहीत तर वर्ष वाया.

"आई, पाय दुखून राह्यले," ती रोज म्हणायची. मी रोज कोमट पाण्यात मीठ घालून द्यायचे. सूज आल्यामुळे तिच्या चपला होईनात, म्हणून माझ्या सैल सपाता दिल्या. ऊर्जानगरच्या क्वार्टरचा जिना ती प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढायची. सिंदेवाहीला माहेरच्या धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी केलेली मुलगी, हिला एवढा जिना जड होतो? माझ्या मनातलं हे तिला कळलं असावं.

बसून पाठ घेऊ द्यावेत, असा अर्ज मीच लिहिला, नीटनेटक्या इंग्रजीत. कारण, पायदुखी. कॉलेजच्या बाबूंनी तो तिथेच परत दिला. "मॅडम, पाय तर माझेबी दुखते. दुसरं काही लिहा."

मग चंद्रपूरच्या फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेलो. त्यांनी काकूला ओल्या पायांनी फरशीवर चालायला लावलं. तळव्याचा ठसा सपाट उमटला, मधली कमान नाहीच.

"दुखते कुठी? बोट ठेवून दाखवा."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि वळून बघते तर बोट पायावर नव्हतंच. ओटीपोटाच्या खाली, अगदी पुढच्या हाडावर होतं.

"मग पाय काऊन सांगता?"

"आईसमोर त्या जागेचं नाव कसं घेऊ जी?"

बाईंनी समजावलं. गरोदरपणात तिथला सांधा सैल होतो. पाऊल आत कललं की गुडघाही आत वळतो आणि सगळी ओढ त्या सांध्यावर येते. सपाता निसटू नयेत म्हणून ही बोटं आवळून चालत होती. "ह्या कोणाच्या?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," मी म्हटलं.

टाच धरून ठेवणारे बूट आणले. सलवार खाटेवर बसून घालायची, कूस बदलताना गुडघे जुळवून ठेवायचे. दुखणं गेलं नाही, थोडं कमी झालं. मीही थकले होते, त्या धावपळीने आणि स्वतःच्या शहाणपणाने.

नवा अर्ज मराठीत लिहायला घेतला. इंग्रजी शब्द मला येत होता, मराठी शब्दापाशी पेन अडलं. मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवलं, आणि हे एक वाक्य लिहिता येईना.

"जांघेच्या मधल्या हाडात दुखते, उभं राहवत नाई, असं लिहा," काकू म्हणाली. मी तसंच लिहिलं. प्राचार्यांनी वाचलं आणि काही न विचारता सही केली.

चारही पाठ तिने खुर्चीत बसून घेतले. परीक्षकांनी पास केलं, पण तिच्या पाठांच्या वहीत शेरा दिला: फळ्याचा वापर कमी.

"लिहू द्या त्यायले," ती म्हणाली, आणि वही मिटून आडवी झाली.