भुंग्याचे नवे टायर

दुष्काळ संपला त्या सालची गोष्ट म्हटली की तुम्ही लगेच रुमाल काढाल. ठेवा परत खिशात. हिच्यात कुणी मरत नाही. जीप आहे म्हटल्यावर तुम्हाला वाटेल पुढारी असणार, शिकार असणार, नाहीतर कुणाची पोरगी पळून गेलेली असणार. तेही नाही. हिच्यात चार टायर आहेत आणि झोप न झालेला मी आहे. एवढ्यावर भागवायचं असेल तर बसा.

जीप माझ्या मामाची. मिलिटरीच्या लिलावातली, मागं ट्रेलर जोडलेली. रोज सकाळी घोडेगावाजवळच्या फाट्यावरून आत वळायचं, काळ्या रानातल्या चार वस्त्यांवरचं दूध कॅनमध्ये भरायचं, परत डांबरीला लागायचं आणि बारा मैलांवरच्या चिलिंग सेंटरला नऊच्या आत पोचवायचं. आधी मामाच चालवायचा. मग त्याची कंबर गेली आणि मॅट्रिकला दोनदा बसून उठलेला भाचा कामाला आला. भाचा म्हणजे मीच.

जीपला वस्तीवरचे लोक ‘भुंगा’ म्हणायचे. कारण टायर. मिलिटरीचे बटनाचे टायर होते ते, म्हणजे रबराचे जाड जाड ठोकळे बसवल्यासारखे. चिखलात ते माती पकडायचे आणि फिरता फिरता झाडूनही टाकायचे. पण डांबरीवर आले की नुसतं घूंऽऽऽ! बारा मैल घूंऽऽऽ जायचं, बारा मैल घूंऽऽऽ यायचं. ते डोक्यात शिरायचं आणि बाहेर निघायचं नावच घ्यायचं नाही. जेवताना घूं, अंघोळीला घूं. रात्री उशीवर कान टेकला की उशीतनं घूं. मला नकला करायची खोड शाळेपासूनची. हेडमास्तरांची नक्कल हेडमास्तरांच्या मागंच उभं राहून केलेली आहे. पण ह्या आवाजाची नक्कल मी करत नव्हतो, तोच माझ्या तोंडातनं आपोआप यायचा. मामी म्हणायची, “अरे, ताटावर बसलायस, गाडीवर न्हाई.”

दुष्काळाच्या दोन वर्षांत जमीन पाटा झाली होती, तिथं कसलेही टायर चालायचे. मग पाऊस परत आला आणि भादव्यात तर रोज यायला लागला. तोवर आमची बटनं झिजून गोटा व्हायला आली होती. गंमत बघा, पकड गेली तरी आवाज वाढलाच. पंधरा दिवसांत जीप दोनदा रुतली आणि दोन दिवस दूध पोचलं नाही.

चिलिंग सेंटरचे सुपरवायझर लई शुद्ध बोलायचे. नाकातनं. “हे पाहा, दोन खाडे झालेले आहेत. तिसरा खाडा झाला, की हा रूट मी दुसऱ्यास देणार. मग माझ्याकडे येऊन रडायचे नाही.”

मी ते घरी मामाला त्याच नाकातनं करून दाखवलं. एरवी मामा हसला असता. त्या दिवशी तो कमरेला पट्टा आवळत म्हणाला, “उद्या नगरला जा. टायर आन. बटनाचंच आन. मला पुनतांब्याला सोयऱ्याच्या दहाव्याला जायचंय, तीन दिवस मी न्हाई. आन् खाडा पडू देऊ नको. रूट गेला तर ह्या कमरंनं मी काय करू, सांग बरं?”

दुसऱ्या दिवशी दूध टाकून, तसाच न जेवता नगरला गेलो. टायरच्या दुकानात दोन थप्प्या मांडलेल्या. एक बटनाच्या टायरची. दुसरी साध्या नक्षीची, बारीक नागमोडी रेघा, साडीच्या काठासारख्या. दुकानदार चाचा पान खात बसलेले. पांढरी दाढी, डोळ्याला सुरमा.

“कुठं चालवतो गाडी?”

“बारा मैल डांबरी, चार मैल रान.”

“रान कसलं? मुरमाड की काळं?”

“काळं.”

“मग बटन.”

मी थप्पीवर बसलो. साध्या नक्षीच्या. बसल्यावर उठवेना. म्हटलं, “चाचा, डांबरी बारा आहे की. रान चारच.”

“बेटा, गाडी बारा मैलात रुतत नाही. चारात रुतते.”

“पण ह्या साध्याचा आवाज?”

“आवाज? नई नवेली दुल्हन. येईल कधी, जाईल कधी, कळणार नाही.”

चाचांनी हे टायरची खोड म्हणून सांगितलं होतं. मी गुण म्हणून ऐकलं.

खरं सांगतो, चारही टायर साधे घेताना मला मामाची कंबर आठवली नाही, सुपरवायझरचं नाक आठवलं नाही. फक्त झोप दिसत होती. चाचांनी टायर चढवताना एकदा वर बघितलं. “मामाला विचारलंस ना?” मी मामाच्या घोगऱ्या आवाजात म्हटलं, “व्हय, व्हय, इचारलंय.” ते हसले. माझ्या नकलेवर लोक हसतात आणि मग पुढचं विचारायचं विसरतात. हाच माझा धंदा.

परत येताना भुंगा मुका झाला होता. इतका मुका, की मला इंजिनातली टकटक ऐकू आली, ट्रेलरची कडी ऐकू आली, बाभळीवरचे पारवेसुद्धा ऐकू आले. त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो.

सकाळी ऊन होतं, रस्ता वाळलेला. पहिल्या वस्तीवर पोचलो तर अंगणात कुणी नाही. घागर नाही, बादली नाही. हॉर्न मारला. एक बाई दारात येऊन माझ्याकडं भूत बघावं तसं बघायला लागली.

“आं? तू कसा काय आला?”

“रोज येतो तसाच.”

“भुंगा न्हाई वाजला तो!”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या वस्त्यांवर घड्याळ नव्हतं. डांबरीवर घूंऽऽऽ ऐकू आलं की पहिल्या वस्तीवरची बाई पुढच्या वस्तीला हाळी द्यायची, “वाजला गंऽऽ!” ती तिच्या पुढचीला. मग बादली घेऊन गोठ्यात शिरायचं. मी फाट्यावरनं वळून, चिखल तुडवत दारात येईपर्यंत धार काढून तयार. आधी काढून ठेवली तर दूध तापणार, नासणार. आवाज झाल्यावरच काढायची, ही रीत. दोन वर्षं त्या टायरनं माझं डोकं उठवलं आणि मला पत्ताच नव्हता, की तो ह्यांचा भोंगा होता.

चौथ्या वस्तीवरच्या म्हातारीनं तर मला दारातच धरलं. “माझी म्हस त्या आवाजाला पान्हा सोडती. आता तुझं त्वांड बघून सोडंल व्हय?”

म्हशीनं माझं तोंड बघितलं. नाही सोडला.

त्या दिवशी कसाबसा नऊला पाच कमी असताना पोचलो. सुपरवायझरांनी घड्याळ बघितलं, मग मला बघितलं. “उद्या हे चालणार नाही.”

दुसऱ्या दिवशी फाट्यावर जीप थांबवली. ट्रेलरमधलं दूध ओतायचं पत्र्याचं नरसाळं घेतलं, बोनेटवर चढलो आणि बारीक तोंडाकडनं फुंकलं, “घूंऽऽऽऽ!” घशातनं नाही, नाकाच्या मुळातनं काढायचा तो, मधेच जरा थरथरवायचा. पहिली वस्ती अर्ध्या मैलावर. मिनिटभरात तिकडनं हाळी आली, “वाजला गंऽऽ!” मग लांबनं दुसरी. मला इतका आनंद हेडमास्तरांच्या नकलेनंही झाला नव्हता. सगळ्या वस्त्यांवर दूध तयार. म्हशीनंही पान्हा सोडला, असं म्हातारी म्हणाली. नऊला वीस कमी असताना सेंटरवर. मनात म्हटलं, झोप ती झोप, रूट तो रूट. मामा उगीच घाबरतो.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला.

फाट्यावर बोनेटवर चढून आधी वाजवलं, हाळ्या ऐकल्या आणि आत वळलो. दोनशे पावलं गेलो नसेन. काळी माती त्या नागमोडी रेघांत जी भरली, ती भरलीच. टायर म्हणजे पुरणावर कणीक लपेटावी तसे गुळगुळीत. फिरताहेत, पण जागेवरच. मी ॲक्सलेटर देतोय, चिखल माझ्याच पाठीवर येतोय. पाच मिनिटांत मागची चाकं अर्धी आत.

खाली उतरलो. दगड घातले, बाभळीच्या फांद्या घातल्या, काटे हातात घुसले. जीप हलेना. पायातली चप्पल चिखलानं ओढून घेतली, तिला शोधायची ताकद नव्हती. मग वाटलं, वाजवावं. लोक ऐकतील, भुंगा एका जागी वाजतोय म्हणजे अडकलाय, येतील.

वाजवलं. तिकडनं हाळी, “वाजला गंऽऽ!”

थांबलो. कुणी आलं नाही. परत वाजवलं, जोरात. परत हाळी. परत कुणी नाही. किती वेळा वाजवलं कोण जाणे. घसा फाटला, ओठ सुजले, पाऊस नरसाळ्यातनं तोंडात यायला लागला. शेवटी मी बोनेटवर बसून, डोळे मिटून, नुसता घूंऽ घूंऽ करत राहिलो. ज्या आवाजापासून पळालो होतो, तोच आवाज, स्वतःच्या तोंडानं, पावसात.

डोळे उघडले तर समोर म्हातारी. डोक्यावर पोत्याची खोळ. वाट बघून कंटाळून चौथ्या वस्तीवरनं चालत आलेली.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग नरसाळ्याकडं. मग टायरकडं.

“तू वाजवत हुतास?”

मी मान हलवली.

“मुडद्या, भुंगा वाजतो डांबरीवर! वाजला की आमी म्हनायचो, अजून डांबरीवरच हाय, येईल अर्ध्या घंट्यानं. दूध काढून समदी दारात बसल्यात तुझी वाट बघत. तू वाजवशील तितकी ती बसतील!”

नक्कल हुबेहूब जमली होती, हीच चूक झाली होती.

पुढचं तिनंच केलं. उलट्या पावली गेली आणि हाळ्यांवर हाळ्या घातल्या. बायका-पुरुष घागरी डोक्यावर घेऊन चिखलातनं आले, कुणी बैलजोडी आणली. बैलांनी जीप मागं ओढत डांबरीवर काढली. मी ओशाळून नरसाळं कॅनवर धरायला गेलो, तर म्हातारीनं ते हिसकून घेतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, “दुधाचं हाय हे. भुंकायचं न्हाई.”

सेंटरवर पोचलो तेव्हा सुपरवायझर फाटक लावत होते. त्यांनी एकेक कॅन हुंगला. दोन कॅन बाजूला काढले. “हे नासले. परत न्या. बाकीचे घेतो.” वही उघडली, पेन अडकलं. त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, सुजलेल्या ओठांकडं बघितलं. “गाडी आलेली आहे. खाडा नाही. परंतु ही शेवटची वेळ.”

नासलेले दोन कॅन घेऊन घरी आलो तर मामा ओट्यावर बसलेला. पुणतांब्याहून नुकताच आलेला, टोपी अजून डोक्यावर. आवाज न करता जीप दारात आली, म्हणून तो आधी टायरकडंच बघायला लागला. मी काही बोलायच्या आत त्यानं वाकायचा प्रयत्न केला, कमरेनं वाकू दिलं नाही, मग काठीनंच टायरवर एक मारली.

“हे काय?”

“मामा, खाडा न्हाई पडला.”

“मी इचारलं, हे काय?”

मी सगळं सांगितलं. नरसाळ्यासकट. सांगताना सुपरवायझरचं बोलणं आलं तेव्हा सवयीनं नाकातनं बोललो.

“नाक काढू नको!” मामा ओरडला. मामी आतनं बाहेर आली. “तुला टायर आनाया धाडलं व्हतं का झोप आनाया? आं? त्या चाचाला माझ्या आवाजात व्हय म्हनालास? मग माझ्या कमरंनं एकदा ती जीप चिखलातनं काढून बघ की. समद्यांचं सोंग येतं तुला, माझ्या कमरंचं येतं का?”

मी नासलेले कॅन खाली उतरवायला लागलो.

“मला त्यो आवाज आवडत व्हता, असं वाटतं व्हय तुला? सात वर्सं ऐकलाय. आजून ऐकू येतोय. मी कधी म्हनलो, टायर बदला?” तो दमला. काठी टेकून बसला. आवाज उतरला, पण थांबला नाही. “आता ऊठ. गाडी नगरला ने, त्या चाचाच्या पायावर डोकं ठेव, हे समदं काढून दे आन् बटनाचं चढवून ये. आन् जाताना रस्त्यानं तोंडानं वाजवत जा. बारा मैल न्हाई, पार नगरपतूर वाजव. बघू दे, कान दुखत्यात का त्वांड.”