कारकूनकाकांचा बर्फ

कोणी वाचलंच, तर माझ्या ऱ्हस्व-दीर्घाला आणि कोंबडीच्या पायांसारख्या अक्षराला हसू नये.

शेजारचे कारकूनकाका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत होते; बोलताना इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आणत आणि लगेच अर्थही सांगत. "मांजरं-कुत्री पडतायत, म्हणजे मुसळधार."

नणंदेला पाहायला पाली गावची मंडळी आली. पोहे संपले तरी कोणी बोलेना. हेही स्थळ जातंय, या भीतीने मी दाराआड घामाघूम.

आमच्या बाजूने बसलेले काका म्हणाले, "अशा वेळी बर्फ फोडावा म्हणतो आमचा साहेब. म्हणजे अवघडलेल्यांना बोलतं करावं."

नणंदेने मान वर केली. "काका, तुम्ही बर्फ बघितलाय?"

मी दाराआडून तिला गप्प बसायची खूण केली.

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "नाही गो."

मुलाचे वडील आधी हसले, मग सगळेच. त्याच बैठकीत सुपारी फुटली.

निघताना काका दाराशी पुटपुटले, "वहिनी, बर्फाचं कचेरीत कळू देऊ नका हो."