कोणता साईज, ताई?

गाऊनवाली मावशी लाईव्ह आली की पहिली दहा मिनिटं गाऊन दाखवायचीच नाही. मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवायची, समोर चटईवर बसायची आणि स्क्रीनवर जी जी नावं येतील ती मोठ्यानं वाचत जायची. "सुनीता, जय भीम. सासूबाईंचं प्लास्टर निघालं का? वैशाली, राम राम गं, चिखलोलीला पाणी आलं का काल? आणि ही कोण, स्वीटी क्वीन? अगं स्वीटी, खरं नाव सांग, क्वीनला मी कॉटनचा गाऊन कसा विकू?" तिकडून हसरे चेहरे धडाधड वर येत. मालाचा गठ्ठा मात्र तिच्या पाठीमागे तसाच गाठ मारलेला असायचा.

तिची वेळ दुपारी दोनची. "दोन वाजता बाईचा स्वतःचा अर्धा तास असतो," ती म्हणायची. "भांडी झालेली असतात आणि पोरं शाळेतून यायची असतात." त्या अर्ध्या तासावर तिचं घर चालत होतं. नवरा वारल्यावर तिनं आधी दारोदार गाऊन विकले, मग गुडघे दुखायला लागले, मग कुणीतरी तिला फेसबुकवर पेज काढून दिलं. तिचं ते पेज आता नाही. म्हणजे आहे, पण तिचं नाही. ते कसं झालं हे मला सांगायचं आहे, आणि नीट सांगता येईल की नाही ते ठाऊक नाही.

आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो, मावशीच्या घरापासून तीन दारं सोडून. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पप्पा एमआयडीसीत लेथवर आहेत, मम्मी बिस्किटांच्या पॅकिंगला जाते. दुसऱ्या वर्षाला मला प्रोजेक्ट मिळाला, सोशल मीडियावर छोटा धंदा कसा वाढवतात यावर. कुणाला भेटायचं ते शोधावं लागलं नाही. मी वही घेऊन मावशीकडे गेले, तर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बस, कॉलेज," ती म्हणाली, "पण मध्ये बोलू नकोस." तेव्हापासून तिनं माझं नावच टाकलं. गल्लीतून जातानासुद्धा, "काय कॉलेज, जेवलीस का?"

आठवड्यातून एकदा ती उल्हासनगरला माल आणायला जायची. एकदा मीही बरोबर गेले. तिचे ठरलेले सिंधी शेठ होते. दुकानाच्या दारातूनच ती त्यांच्या सिंधीत "साईं, कीअं आहियो?" अशी खुशाली विचारायची आणि आत शिरून स्वतःच्या हातानं पाणी घ्यायची. गाऊन काढताना ती रंग बघतच नव्हती. "हा वैशालीचा. तिला पुढून चेन लागते, बाळ अंगावर पितंय. हा सुनीताच्या सासूला, बाही सैल आहे, हात घालताना दुखणार नाही." शेठ वैतागून हसले. "ताई, आप कपडा बेचती हो या शादी जमाती हो?" मावशी मान वर न करता म्हणाली, "नाप तो दोनों में लेना पडता है, साईं."

वर्गात जे शिकायचे ते मी तिला सांगायचे. मला वाटायचं, आपण काहीतरी द्यायला हवं, नुसतं लिहून नेणं बरं नाही. एकदा मी म्हटलं, "मावशी, एक सोय आहे. एकदा सेट केली की कुणाचाही मेसेज आला तरी 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू' असं उत्तर आपोआप जातं. तू झोपलीस तरी."

"मी झोपले तर झोपले म्हणून कळू दे की तिला," मावशी म्हणाली. "आणि आम्ही कोण? मी एकटीच आहे."

मी वहीत काहीच लिहिलं नाही त्या दिवशी. आता वाटतं, तेवढंच लिहायला हवं होतं.

तिच्या बऱ्याचशा बायका तिला फोन नंबर द्यायच्या नाहीत. पत्तासुद्धा नाही. नवऱ्याला कळायला नको, सासूला कळायला नको, किंवा नुसतीच भीती. सगळं बोलणं पेजच्या इनबॉक्समध्ये. रविवारी मावशी बदलापूरला जाऊन कुळगावच्या बाजारात एका नारळवालीशेजारी उभी राहायची, आणि ठरलेल्या बायका भाजी घ्यायला आल्यासारख्या येऊन वर्तमानपत्रात बांधलेला गाऊन पिशवीत टाकून न्यायच्या. वर मेथीची जुडी. नारळवाली म्हणायची, "चोरीचा माल विकल्यासारखे विकतेस बाई तू गाऊन." मावशी तिला दरवेळी एक रुमाल द्यायची.

त्या बायकांत एक होती, तिला मावशी गुलाब म्हणायची. कारण तिच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं आणि नाव खरं नव्हतं. वर्षातून एखादा गाऊन घ्यायची, पण दोन-चार दिवसांआड लिहायची. काय लिहायची ते मावशीनं मला पूर्ण कधी सांगितलं नाही. एकदा एवढंच म्हणाली, "हात उचलतो तो. माहेर नाही तिला. लिहिलं की जरा हलकं वाटतं म्हणते." आणि तिच्यासाठी मावशीनं एक नियम केला होता. आपण आधी लिहायचं नाही, कधीच नाही. ती लिहील तेव्हाच लिहायचं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: 'कोणता साईज, ताई?' तिकडून 'डबल एक्सेल' आलं तर ती स्वतः आहे, बोलायचं. दुसरं काही आलं तर फोन त्याच्या हातात आहे. मग मावशी गाऊनचे भाव लिहायची, रंग लिहायची, एखादी ऑफर लिहायची. "तो कंटाळून फोन ठेवेपर्यंत मी गाऊन विकते त्याला," ती म्हणायची. हसायची, पण त्या दिवशी जेवायची नाही.

एप्रिलमध्ये ते झालं. जयंतीचे दिवस होते, गल्लीत सकाळपासून स्पीकर चालू. मावशीच्या लाईव्हमध्ये मागून गाणी येतच होती, आणि ती मध्येच ताल धरून पांढऱ्या साड्या दाखवत होती, त्या दिवसांत तिच्याकडे साड्याही असायच्या. लाईव्ह संपल्यावर मी तिचा मोबाईल बघत होते, कुठल्या वेळी किती बायका होत्या ते टिपायला. तेवढ्यात इनबॉक्समध्ये इंग्रजीत मेसेज आला. तुमच्या पेजनं कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत पडताळणी केली नाही तर पेज कायमचं बंद होईल. वर कंपनीचं चिन्ह होतं, खाली लिंक होती.

असे मेसेज तिला आधीही आले होते. ती उघडायचीच नाही. "ज्याला माझ्याशी बोलायचंय तो मराठीत बोलेल, नाहीतर हिंदीत. इंग्रजीत धमकी देणाऱ्याला मी ओळखत नाही." ती त्या दिवशीही तेच म्हणाली. पण मी आदल्याच आठवड्यात कॉपीराइटचा धडा वाचला होता. गाणी वाजली होती, मी स्वतः ऐकली होती. सगळं जुळत होतं.

"मावशी, हे खरं आहे. आम्हाला शिकवलंय हे."

"नक्की ना?"

"हो गं. आजच्या आज केलं नाही तर पेज जाईल."

तिनं हातातली साडी खाली ठेवली. "मग कर बाई. तुला वाचता येतंय."

मी लिंक उघडली. पासवर्ड तिनं सांगितला, सासरी गेलेल्या मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. मग तिच्या फोनवर सहा आकडे आले. तो मेसेज तिनं स्वतः वाचला, चष्मा लावून, एकेक आकडा बोट ठेवून, आणि मी भरत गेले. शेवटचा आकडा भरल्यावर तिनं मला विचारलं, "वाचलं का आपलं पेज?" मी म्हटलं, वाचलं.

संध्याकाळपर्यंत तिचं पेजही गेलं आणि तिचं स्वतःचं खातंही. दुसऱ्या दिवशी तिच्या पेजवरून सगळ्या बायकांना मेसेज गेला, जयंतीची खास ऑफर, आधी पैसे पाठवा. ताई म्हणते म्हणून काही जणींनी पाठवलेसुद्धा. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, ऑनलाईन तक्रारही केली, तक्रारीचा नंबर मिळाला. तो नंबर अजून माझ्याकडे आहे. त्यापुढे काही मिळालं नाही.

मी दोन दिवस तिच्याकडे गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी तीच आमच्या दारात आली. मला वाटलं, आता मम्मीसमोर बोलेल. ती आत आली, बसली, आणि मलाच विचारलं, "कॉलेज, माझ्या बायकांचं ते आधीचं बोलणं आता दुसरं कुणी वाचू शकतं का गं?"

मी हो म्हटलं.

"सगळं? जुनंसुद्धा?"

"हो."

ती उठली, दारात जाऊन चपला घातल्या. मग म्हणाली, "गुलाबला पण मेसेज गेला असेल ना. आपण आधी लिहायचं नाही असं ठरलं होतं." एवढंच. मला ती आजपर्यंत एक शब्द टाकून बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं.

ज्यांनी पैसे पाठवले होते त्यांतल्या जवळपासच्या बायका तिच्याकडे आल्या. एक जण दारातच ओरडली, "ताई ताई म्हणून गळ्यात पडलीस आणि गळा कापलास!" मावशीनं तिला आत बसवलं, मेसेज मी पाठवला नाही म्हणून सांगितलं आणि तरीही गठ्ठा सोडून गाऊन दिला. "तू माझं तोंड बघून पाठवलेस ना," ती म्हणाली. असं करत गठ्ठा संपला. मी नवीन पेज काढून दिलं. पहिल्या लाईव्हला सात बायका होत्या, त्यांतली एक मी, एक माझी मम्मी. मावशीनं नावं वाचली. सातही नावं एका दमात संपली. मग तिला काय करावं सुचेना. कुणीतरी लिहिलं, 'ही पण फेक आहे, पैसे पाठवू नका.' तिनं ते मोठ्यानं वाचलं, सवयीनं, आणि मग मोबाईल पालथा घातला.

माझ्या प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. ग्राहकांशी नातं जोडण्याचे पाच फायदे मी पुस्तकातून उतरवले होते. मावशीचं नाव मी त्यात घातलं नाही, लाज वाटली.

आता मावशी माझ्या मम्मीबरोबर पॅकिंगला जाते. उभं राहून काम असतं, तिचे गुडघे सुजतात. दोन वाजता तिथं जेवणाची सुट्टी असते. मम्मी सांगते, तेव्हा ती डबा उघडायच्या आधी सगळ्या बायकांना एकेकीचं नाव घेऊन विचारते. पण तिथल्या बायका घाईत असतात.

रविवारी मात्र ती अजून कुळगावला जाते. डबल एक्सेलचा एक गाऊन तिनं बाजूला ठेवला होता, जांभळा, बारीक फुलांचा. तो वर्तमानपत्रात बांधून काखेत धरते आणि नारळवालीशेजारी उभी राहते. गुलाबला तिनं एकदाच पाहिलं होतं, तेही ओढणी तोंडाला बांधलेली, फक्त डोळे. मी म्हटलं, "मावशी, एखादी वाटली तर विचार की." ती म्हणाली, "विचारलं आणि ती दुसरीच निघाली तर एक वेळ चालेल. पण तीच निघाली आणि मागं तो असला तर? तिनं मला बघितलं पाहिजे. मी उभी आहे एवढं तिला दिसलं पाहिजे."

दिवाळीच्या आधी मी ते जुनं पेज उघडलं. अधूनमधून उघडायचे. आता तिथं केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती असतात, पण मावशीचे जुने व्हिडिओ त्यांनी काढले नाहीत. एका जुन्या व्हिडिओखाली आदल्या दिवशीची कमेंट होती. गुलाबाचं फूल. 'ताई, साईज विचारा ना.' आणि तिच्याखाली पेजचं आपोआप गेलेलं उत्तर: 'धन्यवाद! आम्ही लवकरच संपर्क करू.' पुढे एक लिंक.

मी तशीच पळत मावशीकडे गेले. तिनं चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं. "तिनं आधी लिहिलंय," ती म्हणाली. "आता लिहिता येईल." तिचं खातं गेलेलं होतं म्हणून मी टाईप केलं, माझ्या खात्यावरून: 'कोणता साईज, ताई?' आम्ही दोघी बघत बसलो. अर्ध्या मिनिटात आमची कमेंट नाहीशी झाली. मग व्हिडिओ दिसेना, मग पेजच दिसेना, त्यांनी मला ब्लॉक केलं होतं. पप्पांच्या फोनवरून शोधलं तर पेज होतं, पण गुलाबची कमेंट नव्हती. तिच्या नावानं शोधलं, सापडली नाही. तिनं खातं बंद केलं की कुणी करायला लावलं, ते कळायला काही मार्ग नाही.

गेल्या रविवारी मी मावशीबरोबर कुळगावला गेले. आम्ही नारळवालीशेजारी तीन तास उभ्या होतो. ओढणी बांधलेल्या पुष्कळ बायका गेल्या. एकीच्या पिशवीत मेथी होती, ती जरा थांबल्यासारखी वाटली, मावशीनं पदर सारखा केला, पण ती नारळाचा भाव विचारून पुढे गेली. बाजार उठायला लागला तशी मावशीनं पुडकं माझ्या हातात दिलं. वरचं वर्तमानपत्र घड्यांवर फाटलं होतं आणि आतला जांभळा रंग दिसत होता.

"घरी गेलो की नवीन कागदात बांध," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी बरं दिसत नाही असं."