लेकीचा पाय

मल्हारीच्या पाठीत पहिली चमक भरली ती चौऱ्याण्णव सालच्या द्राक्षांच्या हंगामात. दिंडोरीच्या एका मळ्यावर टेम्पोत पेट्या चढवताना तो वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. बागेतली माणसं हसली, त्यालाही हसू आलं. चार दिवसांत जाईल, असं सगळ्यांनी सांगितलं आणि चार दिवसांनी ती गेलीही. पण जाताना घर बघून गेली.

मग ती येत राहिली, आणि पुढे पुढे जायचंच विसरली.

मल्हारी म्हसरूळचा. टेम्पो स्वतःचा, चालवणाराही तोच. घरात बायको नवसाबाई आणि एकुलती एक भाग्यश्री. त्याचे हात स्टिअरिंगवर असेपर्यंत घराला काळजी नव्हती, म्हणून तो पाठ घेऊन दारोदार फिरला. गोळ्यांनी पोट जळायला लागलं. एका हाडवैद्याने त्याला पालथं पाडलं, मणक्यात गुडघा रोवून कट्‌कन आवाज काढून दाखवला आणि आंबेहळदीचा लेप बांधून दिला. आवाज झाला म्हणजे काहीतरी जागेवर बसलं असणार, यावर मल्हारीने महिनाभर विश्वास ठेवला. दवाखान्यात कमरेला पट्टा बांधून पायाकडून वजनं सोडली. शेजारच्या खाटेवरही कुणीतरी असाच ताणून ठेवलेला असायचा. दोघं छताकडे बघत पडून राहायचे, एकमेकांचं नाव कधी विचारलं नाही. कुणी बिब्बा घातला, त्याचा काळा डाग अजून आहे.

त्यातल्या त्यात बरं वाटायचं ते तालमीतल्या सावळीराम वस्तादाकडे. वस्ताद सत्तरीचा, पण अंगठ्यात ताकद शिल्लक होती. तिळाचं तेल कोमट करून तो अर्धा तास पाठ मळायचा आणि मळताना टोमणे मारायचा, की तू टेम्पो चालवतो का टेम्पो तुला चालवतो. पण हळूहळू त्याचा अंगठा कमरेपाशी एकाच जागी अडखळायला लागला. एक दिवस त्याने मध्येच हात पुसले.

"मांसाचं दुखणं माझं. हे आतलं हाय," तो म्हणाला. "आणि मल्हारी, घरात दवा असून गावभर का हिंडतो रे?"

घरातली दवा म्हणजे भाग्यश्री. ती पायाकडून जन्मलेली. पायाळू माणसाने तीनदा पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, असं सारी गल्ली मानायची. ती सहा वर्षांची असल्यापासून सकाळी कुणी ना कुणी दारात येऊन पालथं पडायचं. ती एका हाताने चौकट धरून पाय द्यायची. दुसऱ्या हातात कधी बिस्किट, पुढे शाळेचं पुस्तक. लोक बरे व्हायचे. उसण तशीही चार दिवसांत जाते, हे कुणी बोलत नसे.

मल्हारीने मात्र तिचा पाय कधी लावून घेतला नव्हता. लेकीचा पाय बापाच्या अंगाला लागला तर पाप लेकीच्या माथी, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं. नवसाबाईने किती वेळा म्हणून पाहिलं. तो उठून बाहेर जायचा.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत त्याला केबिनमध्ये चढता येईना. दुखणं आता कमरेतून उजव्या पायात उतरलं होतं. मांडीमागून टाचेपर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं. बागा तोडणीला आल्या होत्या आणि टेम्पो दारात उभा. तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच उंबऱ्याशी गोधडी अंथरून पालथा झाला.

भाग्यश्री तेव्हा सतराची. तिने पाय धुतला, पुसला, तरी तो पाठीला गार लागला. एकदा लावला आणि तिने वाकून त्याला नमस्कार केला. पुन्हा लावला, पुन्हा नमस्कार.

"नीट भार टाकून दे," तो जमिनीकडे तोंड करून म्हणाला.

तिसऱ्यांदा तिने भार टाकला.

आठव्या दिवशी दुखणं गेलं. ओसरलं नाही, गेलंच. मल्हारी सराफ बाजारात गेला आणि लेकीसाठी चांदीचे पैंजण घेऊन आला. ज्याला त्याला सांगत सुटला. दारातली गर्दी वाढली. दिंडोरीहूनसुद्धा माणसं यायला लागली. पाय कसा हलका झालाय, तो सांगायचा, जणू नाहीच. एकदा बाजारातून घरी आला तो उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठं निसटली ते कळलंच नाही. टाचेला काच लागून रक्त आलेलं. नवसाबाई हसली, त्याने नवीन जोड घेतला. तोही तीनदा निसटला.

एप्रिलमध्ये, सकाळी, दिंडोरी नाक्यावर मजूर बाया रस्त्याकडेला बसल्या होत्या, डबे मांडीवर घेऊन. वळणावर मल्हारीने ब्रेक दाबला. म्हणजे दाबला असं त्याला वाटलं. पाय ब्रेकवर नव्हता. तो कुठं होता हे मल्हारीला ठाऊक नव्हतं. टेम्पो बायांकडे गेला आणि त्यांच्या अलीकडे दोन हातांवर वाळूच्या ढिगात घुसून बंद पडला. झुंबरबाई नावाच्या म्हाताऱ्या मजुरणीने दार उघडून शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण तिला तो खाली वाकून हाताने आपलाच पाय शोधताना दिसला.

हाडांच्या डॉक्टरांनी मशीनमधून फोटो काढायला लावले. गादी सरकून नस दबली होती, किती महिने ते सांगता येईना.

"दुखणं एकदम थांबलं तेव्हाच यायचं होतं," ते म्हणाले. "नस दुखते तोवर जिवंत असते. मध्ये पाठीला कुणी काही केलं होतं का? चोळलं, दाबलं, पाय दिला?"

भाग्यश्री खुर्चीमागे उभी होती.

"नाय साहेब," मल्हारी म्हणाला. "कुणीच नाय."

ऑपरेशन झालं. पाय परत आला नाही. येईल, वर्षभर वाट बघा, असं सांगितलेलं. रोज बोटं दाबून विचारायचं, कळतं का. ते काम भाग्यश्रीने स्वतःकडे घेतलं. दारात येणाऱ्यांना तिने नाही म्हणायला सुरुवात केली, कारण न सांगता. पैंजण काढून ठेवले. टेम्पो त्या सकाळपासून गॅरेजच्या शेडमध्येच होता. पाय कळला की काढू, असं मल्हारी म्हणायचा.

तिन्हीसांजेला ती पायाशी बसायची. "कुठं, अप्पा?"

"अंगठा."

"आता?"

"मधलं बोट."

तो तिच्या खांद्याकडे बघून ओळखायचा. कोपर जिकडे वळेल तिकडचं बोट. महिनाभर त्याने सगळी उत्तरं बरोबर दिली. नवसाबाईने देवापुढे नारळ फोडला.

मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "डोळे मिटा."

त्याने मिटले. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचा आवाज येत होता.

"कुठं?"

मल्हारीने आत, खाली, पार टोकापर्यंत जाऊन बघितलं. तिथं काहीच नव्हतं.

"करंगळी," तो म्हणाला.

त्याने डोळे उघडले. तिचे दोन्ही हात तिच्या मांडीत होते.

त्याला वाटलं, ती रडेल. ती रडली नाही. तिने त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, लाकूड उचलावं तसा, आणि त्यावर कपाळ टेकवलं. एकदा. मग आणखी दोनदा.