मेलेली बॅटरी आणि ओलं फडकं

कितीतरी गुन्हे मी विसरले, पण नांदेडची ती घटना अजून मनातून जात नाही. मी वयोमानाने निवृत्त झाले नाही, राजीनामा देऊन खात्याबाहेर पडले. त्या घटनेच्या वेळी मी शहरातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. हवालदार माझ्यादेखत म्हणायचे, "आमच्या मॅडमला शिव्या कळत न्हाईत, जबाब काय घेणार?"

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "बाईला जाळलं वो तिच्या नवऱ्यानं. लवकर या."

आम्ही पोहोचेपर्यंत शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात हलवलं होतं. मृत्युपूर्व जबाब घेण्याआधीच ती गेली. लग्नाला तीनच वर्षं झालेली, आणि सात वर्षांच्या आत विवाहिता अशी गेली तर नियम असतो, म्हणून मरणोत्तर पंचनामा तहसीलदारांसमोर झाला. मुदखेडहून तिची आई आली. ती रडत नव्हती. ठाण्याच्या बाकावर बसून एकच विचारत होती, "माझ्या लेकीला त्यानं मारलं का न्हाई, तेवढं सांगा."

नवरा घरीच जुने लॅपटॉप दुरुस्त करायचा. गॅस लीक झाला, असं त्याचं म्हणणं. पण सिलिंडर आणि शेगडी शाबूत होती. जळालं होतं ते आतल्या खोलीतलं त्याचं कामाचं टेबल. गॅसबद्दल बोलतानाही तो स्वयंपाकघराकडे बघत नव्हता.

घटनास्थळाचा पंचनामा करताना हवालदारांनी टेबलाखालून बोटाएवढ्या करपलेल्या नळ्या उचलल्या.

"मॅडम, पुंगळ्या हायत का काय ह्या?"

त्या बंदुकीच्या पुंगळ्या नव्हत्या, लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल होते. जवळच दुचाकीची बॅटरी आणि दोन वायरी पडल्या होत्या. एक जळकं फडकंही होतं. ते स्वयंपाकघरातलं असेल म्हणून आम्ही नुसतं नोंदवलं.

त्याचा मोबाईल जप्त केला. त्यात एक इंग्रजी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिलेला होता. कुणी परदेशी माणूस पूर्ण बंद पडलेली बॅटरी उघडून परत चालू करत होता. चौकशीच्या वेळी मी तो त्याच्यासमोर लावला.

"हे बघून केलं?"

"हाव."

"दुचाकीच्या बॅटरीचा झटका दिला?"

"दिला. चांगली चार्ज होऊन राहिली होती."

"तो मधे थांबून बोलतो, ते कळलं?"

"न्हाई म्याडम. मी निस्ते त्याचे हात बघायचो." मग त्यानेच विचारलं, "काय म्हनतो तो?"

मी सांगितलं. फार दिवस रिकामा पडलेला सेल आतून बिघडतो. त्यात पुन्हा करंट भरला तर आतल्या आत शॉर्ट होऊन तो पेटतो. असा सेल जिवंत करू नका. आणि चार्ज होताना गरम लागला तर जवळ थांबू नका, लांब व्हा.

तो टेबलाच्या कडेला नख घासू लागला.

"मी तिला उलटं सांगून गेलो," तो म्हणाला. "वायर आनायला बाजारात चाललो होतो. म्हनलो, लक्ष ठेव. गरम झाली तर ओलं फडकं घाल वरून. लेकराला ताप आल्यावर घालतो तसं."

ती फडकं घालायला वाकली असताना बॅटरी फुटली होती. गॅस म्हटलं की दोष कुणाचाच नसतो, म्हणून तो खोटं बोलत होता. आग लागली त्या वेळी तो बाजारातल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात दिसत होता. प्रयोगशाळेच्या अहवालात पेट्रोल नव्हतं, रॉकेलही नव्हतं. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषारोपपत्र गेलं.

पुढे लातूरला बदली झाली. विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या गल्लीत एका दुकानावर पाटी होती : बंद बॅटरी चालू करून मिळेल. मी आत जाऊन सगळं सांगितलं. दुकानदाराने चहा मागवला आणि म्हणाला, "आपल्याकडची एक न्हाई पेटली, म्याडम. त्याचं कामच कच्चं असंल." पाटी तशीच राहिली.

पण या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते त्या दुकानात नाही, ठाण्याच्या बाकावर कळलं. त्या दिवशी नवऱ्याचा जबाब झाल्यावर मी बाहेर आले आणि तिच्या आईशेजारी बसले.

"मावशी, त्यानं मारलं नाही. त्याला माहीतच नव्हतं."

ती माझ्याकडे वळली.

"मारलं असतं तर बरं होतं, लेकरा," ती म्हणाली. "मग राग तरी धरला असता. आता घरी जाऊन काय करू?"

खरं समजलं की माणसाला आधार मिळतो, या समजुतीवर मी नोकरी करत होते. मी त्या बाईचा संशय काढून घेतला. तिला दुसरं काही देण्यासारखं माझ्याकडे नव्हतं. मुदखेडच्या गाडीला अजून वेळ होता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.