वेस्पेराची चकती

"तुमच्या वेबसाइटवर आमची वेस्पेरा काय करतेय?"

मी नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरले होते, हातातला डबासुद्धा खाली ठेवला नव्हता. फोनवर आमच्या सगळ्यात मोठ्या कस्टमरचा परचेस मॅनेजर थॉमस होता, आणि तो ओरडत होता.

मला आधी हसूच आलं. वेस्पेरा जीटी ही थॉमसच्या कंपनीची जुनी ग्रँड टूरर. म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेली, दोन दारांची, दणकट इंजिनाची, पैसेवाल्यांची गाडी. ती बंद होऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती.

"थॉमस, ती गाडी कधीच मेली," मी म्हटलं.

"मग लोक ती जिवंत झाली असं का म्हणतायत? आमच्या हेड ऑफिसमधून मला विचारताहेत!"

मी मूळची सांगलीची. दोन हजारच्या दशकात चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटी हेड होते. आम्ही गाड्यांच्या दारांना बसणारी रबरं बनवायचो. चकलीच्या सोऱ्यात जशी चकती असते, तशी आमच्या मशीनला पोलादी चकती लागते. तिला डाय म्हणतात. चकतीचं भोक जसं, तसं रबर बाहेर येतं. थॉमसच्या कंपनीच्या नव्या गाडीची सॅम्पल्स, म्हणजे पहिली चाचणीची रबरं, आमच्याकडे चालू होती. त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही असा करार होता.

वेबसाइट उघडली आणि कपाळावर हात मारला. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तशी तिकडे आयुधपूजा. मशीन धुऊन पुसून त्यांना चंदन-कुंकू लावतात, सगळ्या डाय ओळीने मांडतात, गेटवर कोहळा फोडतात. त्याचा फोटो आमच्या एमडींनी, म्हणजे रंगराजनसरांनी, कौतुकाने वेबसाइटवर टाकायला लावला होता. फोटोत पहिल्या रांगेत झेंडूच्या माळेत एक चकती. तिच्यावर पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलेलं: वेस्पेरा जीटी, सॅम्पल. मागे थॉमसच्या कंपनीचं नाव छापलेला क्रेट.

ही चकती कुणाची ते मला माहीत होतं. चेन्नईत अड्यारला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे एक वेस्पेरा होती. दारांची रबरं कुजून तिच्यात पाणी शिरायचं. ते कुजका तुकडा घेऊन आले होते. आमचे टूलरूमचे फोरमन एकांबरम यांनी त्यावरून माप काढून चकती बनवली. आमच्याकडे पहिल्या चाचणीच्या प्रत्येक चकतीवर 'सॅम्पल' लिहायची पद्धत, तसं त्यांनी लिहिलं. एका गाडीपुरतं रबर निघालं, विषय संपला.

विषय कसला संपतोय! इंटरनेटवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक फोरम होता. तिथे आमच्या पूजेची चिरफाड चालली होती. सॅम्पल बनतंय म्हणजे गाडी दीड वर्षात रस्त्यावर. इंजिन सहा सिलिंडरचं की आठ, यावर हाणामारी. झेंडू म्हणजे गाडीचा रंग केशरी असणार. आणि चकतीवरचं कुंकू? एका महाशयांनी छातीठोकपणे लिहिलं होतं की तो मंजुरीचा लाल शिक्का आहे.

हसावं की रडावं! मी नाव नोंदवून सरळ लिहिलं, "ही एका जुन्या गाडीच्या दुरुस्तीची चकती आहे. नवी गाडी वगैरे काही नाही." पाच मिनिटांत उत्तर आलं, "सप्लायर नाकारतोय. म्हणजे करार झालेला दिसतो." खाली टाळ्यांवर टाळ्या.

दुपारी थॉमसचा पुन्हा फोन. आवाज पडलेला. "शुभदा, आमच्याच दुसऱ्या एखाद्या डिपार्टमेंटने गुपचूप तुम्हाला काम दिलं नाही ना? हेड ऑफिसलाही खात्री नाही."

"अहो, तुमची गाडी येतेय की नाही हे मी सांगायचं?"

पण मेल कडक आली. शुक्रवारी थॉमस स्वतः येणार. तोवर रिपोर्ट हवा: चूक का झाली, कुणामुळे झाली, काय कारवाई केली. नाहीतर सॅम्पल्स बंद.

रंगराजनसर म्हणाले, "एकांबरमचं नाव लिहा. परवानगीशिवाय डाय बनवली. त्याला काढून टाकलं म्हणून कळवा."

"सर, त्यांच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत. आणि डॉक्टरांना हो कोण म्हणालं होतं?"

"मी 'बघू' म्हणालो होतो."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर ज्या माणसाने लेथपुढे उभं राहून तुमची कंपनी चालवली, त्याला एका 'बघू'पायी घरी पाठवायचं? तशीच टूलरूममध्ये गेले. एकांबरम चष्मा पुसत होते. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"लिहा मॅडम माझं नाव," ते म्हणाले. "पण चकती चुकली असं लिहू नका. माप बरोबर होतं."

मी वर येऊन डॉक्टरांना फोन लावला. शुक्रवारी गाडी घेऊनच या म्हटलं.

शुक्रवारी ते आले. गाडी निळी, जुनी, पण चकचकीत. थॉमस तिच्याभोवती फिरला, रबर चिमटीत धरून पाहिलं, नव्या गाडीच्या रबराच्या ड्रॉइंगशी ताडून पाहिलं. काडीचाही संबंध नव्हता. मग त्याने दार लावलं. ते अलगद, घट्ट बसलं. त्याने ते उगाचच पुन्हा दोनदा उघडून लावलं.

तेवढ्यात डॉक्टरांनी रंगराजनसरांचे दोन्ही हात हातात घेतले. "उपकार झाले हो तुमचे. पहिल्याच दिवशी, 'एकांबरमला सांगतो, करून देईल' म्हणालात. कोण करतं इतकं?"

थॉमसने सरांकडे पाहिलं. मी रिपोर्ट पुढे केला. कारण: एमडींच्या सूचनेवरून, न तपासता वेबसाइटवर टाकलेला फोटो. उपाय: यापुढे पूजेत फोटो बंद. सरांनी सही केली. माझ्याशी महिनाभर धड बोलले नाहीत, पण सही केली.

एकांबरम आठ महिन्यांनी शाल-श्रीफळ घेऊन सन्मानाने रिटायर झाले. पुढच्या आयुधपूजेला सगळ्यांचे कॅमेरे गेटवर जमा झाले. आठवड्यात फोरमवर जाहीर झालं, "यंदा फोटोच नाही. गाडी पक्की!"

मी चिडून एकांबरमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग मॅडम, खरंच येतेय का ती?"

"एकांबरम, तुम्हीसुद्धा?"

"नाही, सहज विचारलं. चकती डाव्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. तेल लावून ठेवलीय. लागली तर."

रबराच्या प्रत्येक मापासाठी मी गेज, म्हणजे माप बरोबर की चूक ते दाखवणारं साधन, बनवून घेतलं. नसलेली गाडी नाही, हे दाखवणारं गेज मात्र कुठेच मिळालं नाही. वेस्पेरा अजून आलेली नाही. पण मी तिथे होते तोवर दर आयुधपूजेला, सगळ्यांना शिव्या घालत, त्या चकतीला तेल मीच लावायचे.