ओवाळणीत आलेला किल्ला

दिवाळीत आमच्या आळीचा मातीचा किल्ला मी करते. पन्नाशी उलटली तरी मीच. पोरांना तट सरळ घालता येत नाही आणि वाकडा तट मला बघवत नाही.

गेल्या वर्षी म्हटलं, रायगड नेहमीचाच, यंदा दादाचा किल्ला करू. माझा मोठा भाऊ आफ्रिकेत, पार खालच्या टोकाकडे, एका टेकडीवरच्या किल्ल्यात आचारी आहे. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा एका गोऱ्या अंमलदाराने तो बांधला. आता तिथे हॉटेल आहे. इतिहास दादानेच फोनवर सांगितलेला. साहेबाने होणाऱ्या बायकोसाठी बांधला, गावकऱ्यांनी हौसेने दगड वाहिले, काम संपल्यावर सगळे मिळून नाचले. मी तीन बुरूज उभे केले, आळीव पेरले आणि महाराजांच्या जागी साहेब-मडमेला बसवलं. शेजारणी म्हणाल्या, "डोकं फिरलं का गं तुझं?" मी उलट त्यांनाच इतिहास ऐकवला आणि दादाला फोटो पाठवला.

यंदा भाऊबीजेला दादा आला, किती वर्षांनी! ओवाळल्यावर त्याने ताटात हॉटेलची गुळगुळीत पुस्तिका ठेवली. मागच्या पानावर माझा किल्ला, आणि शेजारी मी, दात काढून हसणारी! मला तर आभाळ ठेंगणं झालं. भराभर पानं उलटत मी विचारलं, "साहेबाच्या बायकोचा फोटो कुठाय रे?"

दादा हसला. "कसली बायको! ती पाहुण्यांना सांगायची गोष्ट. दगड वाहिले ते कैद्यांनी. आधी त्यांच्या जमिनी घेतल्या, मग त्यांच्याच डोक्यावर दगड दिले. कितीतरी तिथेच मेले. आमच्या कोथिंबिरीच्या वाफ्यापलीकडे पुरलंय त्यांना. कपडे धुणाऱ्या म्हाताऱ्या बाईने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू गावभर करणार. मालकाच्या कानावर गेलं तर माझी नोकरी जायची. आणि गोष्ट गोड आहे की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा भाऊ, आणि त्याने मला पाहुण्यांच्या रांगेत बसवलं! त्या मेलेल्या माणसांच्या उरावर मी माझ्या हाताने साहेब बसवला, वर आळीव पेरले. आणि आता माझाच हसरा चेहरा दाखवून हे लोक जगाला थाप मारणार.

मी पुस्तिका ताटातून उचलून त्याच्या हातात दिली. ओवाळणी कुणी परत करतं का? मी केली.

"अगं, एक परत देऊन काय होणार?" दादा म्हणाला. "तिकडे प्रत्येक खोलीत ठेवल्यात."